हात थकला, दोष मुठीचा



घरातल्या वडीलधाऱ्या माणसांची आपण रोज चौकशी करतो. गोळी घेतली का, जेवण झाले का, रात्री झोप लागली का, हे विचारतो. पण “न्हाणीघरातला नळ तुम्हाला उघडता येतो का?” असे कोणी विचारत नाही. प्रश्न इतका क्षुल्लक वाटतो की, विचारणाऱ्याच्या मनात तो येत नाही आणि ज्याला त्रास होतो त्याला सांगण्याची लाज वाटते. आज आम्ही याच नळाविषयी, म्हणजे नळाच्या आणि शॉवरच्या गोल गुळगुळीत मुठीविषयी लिहिणार आहोत.

पूर्वी चाळीत सार्वजनिक नळ असे. पितळी तोटी, तिच्यावर आडवी दांडी. ती हाताच्या कडेने ढकलली तरी फिरायची. आता चाळी जाऊन इमारती उभ्या राहत आहेत. आपली माणसे स्वतःच्या न्हाणीघरात आंघोळ करू लागली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्या न्हाणीघरात भिंतीत दडवलेला कॉक आला, गीझर आला, शॉवर आला आणि अनेक घरांत कॉकवर चकचकीत गोल मूठ आली. कुठे ती स्टीलसारखी दिसणारी, कुठे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची. दिसायला सुरेख, पण हात ओला झाला, साबण लागला की ती हातात ठरत नाही. तरुण हात जरा जोर लावतो आणि भागते. सत्तरीच्या हाताचे तसे भागत नाही.

त्यातून हे हात कोणाचे आहेत तेही पाहा. कुणी तीस वर्षे झाडू धरला, कुणी गिरणीत साचे चालवले, कुणी विड्या वळल्या, कुणी विटा वाहिल्या, कुणी चार घरची धुणीभांडी केली. असा हात म्हातारपणी कुरकुरला तर त्यात नवल नाही. वयाबरोबर सांध्यातली कूर्चा झिजते. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजण्याचे प्रमाण बरेच असते. आपण चिमटीत एखादी वस्तू घट्ट धरतो तेव्हा बोटांच्या टोकाला जेवढा जोर लागतो, त्याच्या कित्येक पट भार या सांध्यावर येतो. म्हणून डब्याचे झाकण, किल्ली आणि नळाची गोल मूठ या तीन गोष्टींशी म्हाताऱ्या माणसाचे आधी वाकडे येते.

आमच्या माहितीतल्या एका घरात एक आत्या आहेत. नगरपालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, स्वभावाने कडक. त्यांच्या न्हाणीघरातला नळ रोज थेंबथेंब गळत राही. सून म्हणे, “आत्या, नळ नीट बंद करत जा हो, टाकी रिकामी होते.” आत्या काही बोलत नसत. पुढे त्या दिवसाआड आंघोळ करू लागल्या. “थंडी वाजते,” असे कारण सांगत. एके दिवशी नातवाने पाहिले की, आजी पदराचे टोक मुठीभोवती गुंडाळून दोन्ही हातांनी नळ पिळते आहे आणि वेदनेने डोळ्यांत पाणी आले आहे. ज्या बाईने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, तिला “माझ्याने नळ बंद होत नाही” एवढे एक वाक्य सांगता येत नव्हते. तिच्यावर पाणी वाया घालवल्याचा ठपका आला, आळशीपणाचा ठपका आला. गोल मुठीला मात्र कोणी काही बोलले नाही.

भगिनींनो, आपल्या घरातही असे काही चालले आहे का, ते पाहा. नळ अर्धवट बंद राहतो का? आई नातवाकडून आधीच बादली भरून घेते का? मुठीला फडके बांधलेले दिसते का? शॉवर असूनही वडील तांब्या घेऊनच बसतात का? आंघोळीची टाळाटाळ वाढली आहे का? यातले एखादे जरी दिसले तरी रागावण्याआधी एकदा स्वतः साबणाच्या हाताने तो नळ उघडून पाहा. नुसता अंगठा आणि दोन बोटे वापरून पाहा. मग समजेल.

आता गोल मूठ इतकी अवघड का जाते, ते समजून घेऊ. गोल मूठ फिरवायची तर हाताला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. आधी ती घट्ट आवळायची, नाहीतर हात नुसताच घसरतो. आणि आवळलेली असतानाच मनगट पिळायचे. सांध्यांना दुखवणाऱ्या याच दोन हालचाली. लांबट दांडीची मूठ असेल तर आवळावे लागतच नाही. दांडीच्या टोकाला तळव्याने, मुठीने किंवा मनगटाच्या मागच्या बाजूने ढकलले तरी चालते. शस्त्रक्रियेआधी हात धुण्यासाठी दवाखान्यांत लांब दांडीचे नळ असतात. डॉक्टर ते कोपराने उघडतात. तत्त्व तेच.

दुसरे कारण अंतराचे. पाच सेंटिमीटर रुंदीची गोल मूठ घेतली तर तिच्या मध्यापासून कडेपर्यंत अडीच सेंटिमीटर भरतात. दहा सेंटिमीटरची दांडी घेतली तर मध्यापासून टोकापर्यंत दहा. म्हणजे चौपट अंतर, आणि तोच नळ फिरवायला चौथा हिस्सा जोर. हे आपल्या आज्यांना कोणी शिकवायला नको. जात्याचा खुंटा मधोमध न बसवता कडेला बसवतात, तो याचसाठी. मध्ये बसवला असता तर दळणारीचे हात तुटले असते. गावातल्या हातपंपाचा दांडाही लांब असतो, म्हणून शाळेतली पोरसुद्धा खोल जमिनीतले पाणी वर ओढते. जात्याला आणि हातपंपाला जी अक्कल लावली, ती न्हाणीघरातल्या नळाला लावायला काय हरकत आहे?

जगात इतरत्र ही गोष्ट कायद्यात उतरली आहे. अमेरिकेत १९९० साली अपंग नागरिकांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याखालच्या बांधकामाच्या नियमांत असे सांगितले आहे की, नळासारखी वस्तू एका हाताने चालवता आली पाहिजे. त्यासाठी घट्ट आवळणे, चिमटीत धरणे किंवा मनगट पिळणे लागू नये. आणि जोर पाच पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वादोन किलोंच्या भारापेक्षा जास्त लागू नये. आपल्याकडे १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला, त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने घेतली. सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात, यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दांडीच्या नळांचा पुरस्कार केलेला आहे. पण आपल्या घरच्या न्हाणीघरात कोणी अधिकारी तपासायला येणार नाही. तिथले काम आपणच केले पाहिजे.

असो. आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एकदम नवा नळ आणायला धावू नका. आधी नळ जड का झाला, ते पाहा.

पहिले कारण बहुधा वायसरचे असते. जुन्या पद्धतीच्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबराची चकती असते. मूठ फिरवत गेले की ती चकती खाली बसून पाणी अडवते. चकती झिजली की पाणी गळते, म्हणून आपण मूठ जास्त आवळतो. जास्त आवळली की चकती आणखी चेपते. असे करता करता घरातला सर्वांत ताकदवान माणूस नळ करकचून बंद करतो आणि सर्वांत अशक्त माणसाला तो उघडता येत नाही. वायसर काही रुपयांना मिळतो. तो बदलला की अनेकदा अर्धा त्रास तिथेच संपतो. घरातल्या तरुणांनाही बजावा की, पाणी थांबले की हात थांबवायचा.

दुसरे कारण क्षारांचे. बोअरचे जड पाणी असेल तर स्पिंडलवर पांढरा थर चढतो. स्पिंडल बाहेर काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या सत्वाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवला की थर सुटतो. नंतर तो स्वच्छ धुवावा आणि प्लंबर नळासाठी वापरतात ते ग्रीस अगदी थोडे लावावे. घरातले खाद्यतेल लावू नये. ते चिकट होते आणि नळ आणखी जड होतो.

एवढे करूनही हाताला जमत नसेल तर मूठ बदलायची. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुष्कळ लोक इथेच फसतात. तुमचा नळ पूर्ण उघडायला किती फिरवावा लागतो, ते आधी पाहा. नळ दोन प्रकारचे असतात. वायसरचा नळ दोन-तीन पूर्ण वेढे फिरतो. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या असलेला नळ फक्त पाव वेढा फिरतो. दुकानदार त्याला ‘क्वार्टर टर्न’ म्हणतात. लांब एकेरी दांडी शोभते ती पाव वेढ्याच्या नळाला. एका ढकलण्यात उघडा, एका ढकलण्यात बंद. वेढ्यांच्या नळाला तीच दांडी लावली तर ती गरगर फिरवावी लागते, कधी भिंतीला अडते, आणि नळ बंद झाला की नाही ते दांडीकडे पाहून कळत नाही. अशा नळाला चार हातांची फुलीसारखी मूठ बरी. बोटे तिच्या हातांमध्ये अडकतात, आवळावे लागत नाही. काही नळांत फक्त आतला भाग बदलून पाव वेढ्याचा भाग बसवता येतो. जुना भाग काढून दुकानात दाखवला तर जुळतो का, ते तिथेच कळेल.

मूठ बदलण्याचे काम अवघड नाही. घरातली मुलगी किंवा मुलगा करू शकेल. रीत अशी :

१. न्हाणीघराचा मुख्य कॉक बंद करा. तो नसेल तर गच्चीवरच्या टाकीचा बंद करा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. गीझरचे बटणही बंद ठेवा. मग नळ उघडून पाइपातले पाणी जाऊ द्या.

२. मोरीच्या जाळीवर फडके अंथरा. छोटा स्क्रू जाळीतून गेला तर सगळे काम अडते.

३. मुठीच्या मधोमध लाल किंवा निळ्या ठिपक्याची टोपी असते. ती चाकूच्या टोकाने हलकेच उचला. खाली स्क्रू असतो. काही मुठींना तो बाजूने असतो. तो सोडवा.

४. मूठ सरळ आपल्याकडे ओढा. अडली तर हातोडी मारू नका, आतला स्पिंडल वाकतो किंवा तुटतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवा आणि मग हलकेच हलवत काढा.

५. आता स्पिंडलचे टोक दिसेल. त्याला बारीक दाते असतील किंवा ते चौकोनी असेल. प्रत्येक कंपनीचे दाते वेगळे. म्हणून जुनी मूठ पिशवीत घालून सॅनिटरी सामानाच्या दुकानात घेऊन जा. “नळाची मूठ द्या” एवढे म्हणून भागत नाही. मोबाइलवर स्पिंडलचा फोटोही काढून न्या. तंतोतंत दाते मिळाले नाहीत तर बाजूच्या स्क्रूने आवळायच्या मुठी मिळतात. त्या अनेक स्पिंडलांवर बसतात, पण अधूनमधून सैल होतात. त्या महिन्या दोन महिन्यांनी तपासाव्यात.

६. नवी मूठ बसवण्यापूर्वी नळ बंद स्थितीत आणा. दांडी अशी बसवा की, फिरताना ती भिंतीला, बादलीला किंवा गीझरच्या पाइपाला लागणार नाही. मग स्क्रू आवळा, टोपी लावा, मुख्य कॉक उघडा.

७. शेवटी ज्याच्यासाठी हे केले त्याच्या हातानेच नळ दहा वेळा उघडबंद करून घ्या. तुमच्या हाताला जमते, याला काही अर्थ नाही.

नळच नवा बसवायचा असेल तर प्लंबरला बोलवा. दुकानात खोक्यातला नळ पाहून भुलू नका; आईला किंवा वडिलांना बरोबर न्या आणि त्यांना मूठ हाताळू द्या. दांडी रुंद आणि कडा गोलसर असाव्यात. पातळ, धारदार कडेची दांडी दिसायला नाजूक, पण दुखऱ्या हाताला टोचते. सिरॅमिकच्या चकत्यांना वाळूचा कण सोसत नाही. म्हणून नवा नळ लावण्यापूर्वी पाइपातून पाणी जोरात सोडून गाळ काढून टाकायला प्लंबरला सांगा. टाकीही वेळेवर धुवा.

भाड्याचे घर आहे, घरमालक हात लावू देत नाही, किंवा या महिन्यात पैशाची ओढ आहे, असे असेल तरी बसून राहू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी कापून गोल मुठीवर ताणून बसवा. रबराने हात घसरायचा थांबतो आणि मूठ जाड झाल्याने कमी आवळावी लागते. सुताराकडून वीतभर लांबीची फळी घेऊन तिच्या टोकाला दोन-तीन खुंट्या मुठीच्या मापाने बसवून घेतल्या तर ती नळात अडकवून ढकलता येते. घर बदलले तर बरोबर नेता येते.

यात धोक्याच्या दोन गोष्टी आहेत, त्या सांगितल्याशिवाय लेख पुरा करता येणार नाही.

पहिली गरम पाण्याची. नळ हलका झाला की गरम पाणीही एकदम येते. साठ अंश सेल्सियसचे पाणी अंगावर पडले तर काही सेकंदांत खोलवर भाजते. म्हाताऱ्यांची कातडी पातळ असते. मधुमेह असला तर पायाला चटका लवकर जाणवत नाही. म्हणून गीझरचे तापमान कमी करता येत असेल तर ते पन्नास अंशांच्या आसपास आणून ठेवा. आधी गार, मग गरम, ही सवय लावा. गरम पाण्याच्या दांडीवर लाल रंगाचा ठळक पट्टा ओढा. चष्मा काढून आंघोळ करणाऱ्याला छोटा ठिपका दिसत नाही. घरात लहान मूल असेल तर त्याच्याही हाताला ही दांडी सहज फिरते, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट आधाराची. दांडी समोर दिसली की उठताना माणूस तिलाच धरतो. नळाची दांडी माणसाचे वजन पेलायला केलेली नसते. ती तुटली तर माणूस पडेल आणि खुब्याचे हाड मोडले तर पुढचे सांगायला नको. म्हणून उठाबसायला वेगळा पकडदांडा भिंतीत पक्का बसवा. सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचे, रबरी पायांचे, न हलणारे स्टूल ठेवा. स्टुलावर बसून हात पुढे केला की नळ लागला पाहिजे. मागे वळून किंवा वाकून नळ गाठावा लागत असेल तर नुसती मूठ बदलून उपयोग नाही.

आणि हो, मूठ बदलली म्हणजे औषधपाणी झाले, असे समजू नका. सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडलेली राहत असतील, सांधे सुजून गरम लागत असतील तर डॉक्टरांना दाखवा. काही संधिवात वेळीच औषध सुरू केले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. “वय झाले, आता असेच चालायचे,” हे उत्तर घेऊन घरी परतू नका.

आम्ही ज्या आत्यांचे सांगितले, त्यांच्या घरी प्लंबरने आतला भाग बदलला आणि वर रुंद दांडी बसवली. अर्ध्या तासाचे काम. आता त्या रोज पहाटे आपल्या आपण आंघोळ करतात. नळ गळत नाही, त्यामुळे सुनेचे बोलणेही थांबले. सुनेने त्यांना सांगितले, “आत्या, आधी का नाही सांगितलंत?” त्यावर त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तू बादली भरून दिली असतीस. मला ते नको होतं.”

हे वाक्य आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. सेवा करणारी सून असणे हे भाग्य आहेच. पण आपली आंघोळ आपण करता येणे, दार लावून, कोणाला हाक न मारता, हवे तेवढेच पाणी घेऊन, हा माणसाचा मान आहे. तो मान टिकवण्यासाठी कधी कधी मोठ्या त्यागाची नव्हे, तर एका पान्याची आणि एका दांडीची गरज असते.

आमच्या तरुण वाचकांना एक सूचना करावीशी वाटते. वस्तीतल्या मंडळांत नळकाम, वीजकाम येणारी मुले असतातच. त्यांनी एखादा रविवार काढून आपल्या आळीतल्या एकट्यादुकट्या वृद्धांच्या घरचे नळ पाहावेत. कुठे वायसर बदलावा, कुठे रबरी पट्टी लावावी, कुठे मूठ बदलावी. विहाराच्या आणि समाजमंदिराच्या आवारात हातपाय धुण्याचा नळ असतो. त्याचीही मूठ पाहून घ्यावी, कारण तिथे सर्वांत जास्त येणारी माणसे म्हातारीच असतात. महिला मंडळांनी आपल्या बैठकीत हा विषय काढावा. एक बाई बोलली की दहा बोलतील.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर आईला किंवा वडिलांना न्हाणीघरात घेऊन जा आणि नळ उघडून दाखवायला सांगा. त्यांच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहा. तोंड “जमते रे” म्हणेल. हात खरे सांगेल.